राजा-राणीची झोप

तंजावूर
१ जुलै २०२५

चि. अखिलाला आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू येणार नाही, म्हणून आधीच सांगते, आई लिहिते आहे. आजवर तुला लिहिलं ते आपलं घरचं बोलणं, पण तमिळ अक्षरांत. मागच्या खेपेला तुझी तारा तिची अंकलिपी खाटेखाली विसरून गेली होती. अप्पांचं सगळं आटोपल्यावर झाडताना मला ती सापडली. ग गणपतीचा, इथून सुरुवात केली. वर्षभरात ओळी वाचू लागले, आता पुस्तकं वाचते. लिहिते ते पुस्तकातल्यासारखं होतं, बोलणं मात्र आपलं तेच. तारेला सांग, अंकलिपीतल्या बदकाला तिने जांभळा रंग दिला होता, तो अजून तसाच आहे.

तू फोन उचलत नाहीस, याबद्दल हे पत्र नाही. एक गोष्ट विचारायची आहे.

राजवाड्यामागच्या गल्लीतल्या हरिप्रसादांची मुलगी भुवना आठवते का? तू गेलीस तेव्हा दोन वेण्या घालत होती. ती आता कॉलेजात विस्कॉम, म्हणजे सिनेमा करायचं शिकते. शेवटच्या वर्षाला एक सिनेमा करून द्यायचा असतो, वीस मिनिटांचा. तिचा भुताचा आहे. एक मुलगी मेलेल्या आजोबांच्या घरी एकटी येते, नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूतल्या बाहुल्या जाग्या होतात, असं काहीतरी. तिला आपलं पुढचं दालन हवं आहे आणि आपल्या बाहुल्या. महिनाअखेरीपर्यंत सिनेमा दिला नाही तर तिचं वर्ष जाईल, आणि चेन्नईला एका एडिटिंगच्या ऑफिसात तिला घ्यायचं कबूल केलं आहे तेही जाईल. तिने हे मला तमिळमध्ये सांगितलं. मी मराठीत विचारते, ती तमिळमध्ये उत्तर देते.

बाहुल्यांची पेटी तीन वर्षांत मी उघडलेली नाही. माझ्यामागे त्या तुझ्या. राजा-राणीची लाकडी जोडी तर तुझीच आहे, लग्नात द्यायची ती तू नंतर नेते म्हणालीस. म्हणून विचारते, देऊ का?

तेराव्या दिवशी तू म्हणालीस की मी बाहुल्या सांभाळल्या, अप्पांना नाही. मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते, अप्पाच म्हणाले होते, दसरा होऊ दे, मग तिरुचीच्या इस्पितळात जाऊ. त्यांचा हट्ट तुला माहीत आहे.

सात तारखेपर्यंत तुझी वाट पाहते.

आई


१२ जुलै

चि. अखिला,

उत्तर आलं नाही. मी हो म्हटलं.

पेटी उघडली तेव्हा भुवना शेजारी होती. अप्पा गेले त्या दिवशी शेजारच्या बायकांनी घाईघाईने सगळं गुंडाळून भरलं होतं, वर्तमानपत्रात, अप्पांच्या धोतराच्या तुकड्यात, जे हाताला लागलं त्यात. दसऱ्याच्या संध्याकाळी राजा-राणीला आडवं करून निजवतात, त्यांची झोप झाली की सगळ्यांची झोप झाली, मगच बाहुल्या पेटीत जातात. त्या वर्षी नवरात्राच्या आठव्या दिवशी अप्पा गेले आणि तासाभरात पायऱ्या रिकाम्या झाल्या. पेटीत राजा-राणी उभेच होते, धोतरात गुंडाळलेले. भुवनेने कापड सोडवलं आणि म्हणाली, किती तेल मुरलंय लाकडात. मला वेगळंच दिसत होतं.

सात पायऱ्या मांडल्या. अप्पांमागे आता माझ्या हाताने कोलू मांडायचा नाही, म्हणून मी वस्तू हातात देत गेले, भुवनेने मांडल्या.

शूटिंग म्हणजे काय असतं ते आता कळलं. सिनेमात रात्र आहे, पण मुलांना दिवसाच वेळ असतो. म्हणून सगळ्या खिडक्यांना काळी कापडं ठोकली आहेत. बाहेर ऊन आणि आत मी समई घेऊन न्हाणीघर शोधते. कॅमेरा भरद्वाज नावाचा मुलगा चालवतो. उंच आहे, रोज त्याच चौकटीवर डोकं आपटतो आणि रोज चौकटीची माफी मागतो. हरिणी नावाची मुलगी नातीचं काम करते. पहिल्या दिवशी त्यांनी मोठा दिवा लावला आणि अर्ध्या गल्लीची वीज गेली. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यातलं कार्ड बिघडलं, सकाळचं सगळं पुसलं गेलं. भुवना तुळशीकट्ट्यावर जाऊन बसली. मी ताक दिलं. ते पिऊन तिने पुन्हा आत जाऊन पहिल्यापासून सुरू केलं.

दिवे आणायला-न्यायला त्यांनी त्यागराजचा ऑटो ठरवला आहे. गल्लीत दुसरे चार ऑटो आहेत. मी भुवनेला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, हेच अण्णा सावकाश चालवतात, दिवे फुटत नाहीत. तो आला की मी मागच्या अंगणात जाते.

आणखी एक. तीन दिवस झाले, मुलं सकाळी येतात तेव्हा राजा-राणी आडवे पडलेले असतात. संध्याकाळी उभे ठेवून गेलेले असतात. बाकीच्या बाहुल्या जागच्या जागी. भरद्वाज म्हणतो उंदीर. हरिणीने काल सकाळी ते पाहिलं आणि तिच्या हातातली वॉटर बॉटल खाली पडली.

आई


१७ जुलै

चि. अखिला,

हरिणी गेली.

सोमवारी सकाळी राजा-राणी पुन्हा निजलेले होते. ती उंबऱ्यातूनच परत फिरली. तिच्या आईचा फोन आला, असल्या घरात मुलीला पाठवणार नाही, आणि पुढचं मी लिहीत नाही. शेजारच्या मामी दुपारी मुद्दाम आल्या, मला म्हणाल्या, कृष्णवेणी, शांती करून घे. भरद्वाजचा उंदरावरचा विश्वास उडाला होता. त्याने कॉलेजात सगळ्यांना सांगितलं, आणि दुसरी कुणी मुलगी काम करायला तयार होईना. भुवनेचे चौदा दिवस उरले होते आणि सिनेमातलं एकच माणूस पळून गेलं होतं.

अखिला, ते मी करत होते.

दिवेलागणीला मुलं गेली की मी दालनात समई लावायची. सात पायऱ्यांवर सगळे उभे. मला वाटायचं, तीन वर्षं पेटीत उभे होते, आता बाहेर काढूनही उभेच ठेवले आहेत. पाय दुखत असतील, असं माझ्या मनात आलं. तू हसशील. मी राजाला उताणं निजवलं, राणीला त्याच्या डाव्या बाजूला. मग मला झोप लागली. पुढे रोजच करू लागले. सकाळी उठून पुन्हा उभं करावं, तर निजलेल्याला उठवायला हात होईना, म्हटलं मुलं करतील. सिनेमात वस्तू कालच्या जागी तशाच लागतात हे मला माहीत नव्हतं. माहीत झालं तेव्हा हरिणी घाबरलेली होती आणि मला सांगायची लाज वाटली. चार दिवस मी गप्प बसले. भरद्वाजला तर मी म्हणाले, हो, उंदीर असतील, पिठाच्या डब्याजवळही दिसतात.

माझं असंच आहे. वेळेवर बोलत नाही, मग त्या न बोलण्याला टेकू द्यायला खोटं बोलते.

मंगळवारी भुवना एकटी आली. दिवे परत द्यायचे, सिनेमा सोडून द्यायचा, असं ठरवून आली होती. वायरी गुंडाळू लागली. नीट गुंडाळत होती, एकेक वेटोळं, जणू उद्याही लागणार आहेत. ते पाहून मी सांगितलं. ती पायरीवर बसली आणि हसू लागली. पोट धरून हसली, म्हणाली, मामी, तुम्ही आमच्या डिपार्टमेंटला तीन भुतांच्या गोष्टी दिल्यात. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. आणि पहिल्यांदाच माझ्याशी आपल्या भाषेत बोलली, अडखळत.

“मामी, त्यांना रोज कसाला निजवतां?”

मी म्हटलं, एका वर्षी निजवायचे राहिले.

तिने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाली, मुलगी नको. सिनेमात तुम्हीच असा. म्हातारी बाई, एकटं घर. बाहुल्या जाग्या होत नाहीत, त्यांना कुणी निजवतच नाही, ही भीती. मला काम करता येत नाही असं मी म्हटलं. ती म्हणाली, मामी, चार दिवस केलंत की, कुणाला कळलं नाही.

मी हो म्हटलं. तिचं वर्ष माझ्यामुळे जाऊ नये.

आजपासून आडी महिना, देवीचा महिना, लागला. देवीच्या देवळातला भोंगा पहाटे पाचला सुरू झाला.

आई


२३ जुलै

चि. अखिला,

भोंग्यामुळे पाच दिवसांत दोन दिवसांचं काम झालं. बारा ते तीन देऊळ बंद असतं, तेवढाच वेळ. त्यात शेजारी कुकर लावतात. भुवना घरोघरी जाऊन सांगून आली, तीनपर्यंत शिट्टी नको. आता सगळी गल्ली आधी जेवते, आणि कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मामी मला विचारतात, तुमचं भूत जेवलं का?

मला काम सोपं आहे. समई लावायची, पायऱ्यांपर्यंत यायचं, राजा-राणीला निजवायचं. पण एकच गोष्ट नऊ-दहा वेळा. कधी माझी सावली पडते, कधी भरद्वाज शिंकतो. भुवना चिडत नाही. म्हणते, मामी, परत.

सिनेमात अप्पांसारखा, म्हणजे त्या आजोबांसारखा, कुणीतरी खुर्चीत पाठमोरा दिसायला हवा. माणूस मिळेना, म्हणून नुसता शर्ट खुर्चीच्या पाठीवर चढवायचं ठरलं. काल मी स्वयंपाकघरातून आले आणि अप्पांची वेताची खुर्ची दालनाच्या मधोमध होती. तिच्यावर त्यांचा बदामी अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दाराआडच्या खुंटीवरून भरद्वाजने विचारल्याशिवाय घेतला होता. तीन वर्षं तो तिथे आहे, मी धुतला नाही, घडी केली नाही. खांदे त्या खुर्चीला बरोबर बसले होते.

मी आरडाओरडा केला नाही. शर्ट उतरवून घेतला आणि आत गेले. त्या दिवशी पुढे शूटिंग झालं नाही, म्हणजे माझ्यामुळे आणखी एक दिवस गेला. भरद्वाज दाराशी येऊन उभा राहिला, त्याच्या हातात एक चिठ्ठी. मामी, खिशात ही होती, अप्पांचं अक्षर आहे ना? चूक झाली माझी.

औषधांची यादी होती, बाकी काही नाही.

आज सकाळी मी शर्ट पुन्हा खुर्चीवर नेऊन घातला. भुवना म्हणाली, नको मामी, दुसरा आणते. मी म्हटलं, हाच असू दे.

आई


२९ जुलै

चि. अखिला,

हे पत्र बसून वाच. तारा शाळेत असेल तेव्हा वाच.

मागच्या पत्रात चिठ्ठीबद्दल लिहिलं ते खोटं आहे. पहिल्या पत्रात अप्पा म्हणाले, दसरा होऊ दे, असं लिहिलं तेही खोटं आहे. तीन वर्षं मी तेच सांगत आले. तुला, डॉक्टरांना, दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला.

त्या नवरात्रात पाचव्या दिवशी, शुक्रवारी, अप्पा पहाटे उठले. आंघोळ केली, बदामी शर्ट घातला, वेताच्या खुर्चीत बसले. मला म्हणाले, अखिला म्हणते ते बरोबर आहे, छाती पुन्हा दुखते, आजच जाऊ. मी आदल्या रात्री चणे भिजत घातले होते, संध्याकाळी वीस बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. पण खरं कारण ते नव्हतं, चणे कुत्र्यालाही घालता आले असते. माझ्या सासूबाई सांगायच्या, कोलू मांडून मध्येच दिवा विझवला, घर बंद केलं, तर ते घरच्या धन्याला बाधतं. मी त्यांच्यासाठीच भ्याले, अखिला. त्यांना काही होऊ नये म्हणून मी त्यांना थांबवलं. म्हटलं, पाच दिवस कसेबसे काढा, मग मी स्वतः घेऊन जाते. हट्टी माणूस त्या दिवशी हट्ट करायला विसरला.

आणि ऑटो आला. त्यांनीच आदल्या दिवशी सांगून ठेवला होता, मला माहीत नव्हतं. सहाला दारात उभा. मी बाहेर जाऊन म्हटलं, आज नको, जा. अप्पा आत शर्ट घालून बसले होते. ऑटो गेल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मग उठले, शर्ट काढला, खुंटीला लावला. तीन दिवसांनी गेले.

हे दोघांनाच माहीत होतं, मला आणि त्यागराजला. म्हणून मी अंगणात पळत होते.

आता काल काय झालं ते सांगते. शेवटचा शॉट राहिला होता. तीस तारखेला सिनेमा द्यायचा, एडिटिंगला दोन रात्री, त्यामुळे काल झालं तर झालं. दीड वाजला होता. भोंगा बंद, कुकर बंद. भुवनेने सगळ्यांना श्वास हळू घ्यायला सांगितलं. सातवी वेळ होती. मी राजाला निजवलं. राणी हातात होती. आणि गल्लीत ऑटो आला. त्याला तीनला बोलावलं होतं, तो लवकर आला. दारासमोर थांबला, इंजिन सुरू.

शॉट बिघडला हे मला कळत होतं. भरद्वाजने कपाळाला हात लावलेला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला. समोर खुर्चीवर शर्ट होता.

मी राणीला तशीच हातात घेऊन उठले, दालन ओलांडलं, दार उघडलं. बाहेरचं ऊन डोळ्यांवर आलं. त्यागराज हँडलवर हात ठेवून बसला होता.

“थांब,” मी म्हटलं. “जाऊ नको. आम्ही येतो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या बाहुलीकडे पाहिलं. इंजिन बंद केलं. वेडी झाली असं त्याला वाटेल म्हणून मी काहीतरी सांगायला गेले, पण तोच बोलला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“त्या दिवशीही थांबलो होतो, अम्मा. कोपऱ्यावर, वडाखाली. आठ वाजेपर्यंत. वाटलं, बोलवाल.”

मी त्या उंबऱ्यावर बसले. किती वेळ, माहीत नाही. तू विचारशील, त्यालाही कळत होतं तर तो का बोलला नाही. मी त्याला विचारलं नाही. घरची बाई जा म्हणाली, तर माणूस जातो. तरी तो आठपर्यंत थांबला. माझ्या हाकेच्या अंतरावर दोन तास ऑटो उभा होता, आणि मी आत चणे शिजवत होते.

आत आले तेव्हा मुलं जागची हलली नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं, जसं तुला आता लिहिलं तसंच. भरद्वाज भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. भुवना माझ्याजवळ येऊन बसली. मग मी म्हटलं, तुमचा शॉट गेला, चला, परत घेऊ. ती म्हणाली, मामी, कॅमेरा बंद केलाच नव्हता. मला त्यांनी ते छोट्या पडद्यावर दाखवलं. निजलेला राजा, त्याच्या शेजारी मोकळी जागा, खुर्चीवर शर्ट, समई. मी दिसत नाही. बाहेर ऑटोचं इंजिन, मग दार, मग माझा आवाज, आणि इंजिन बंद. त्यागराजचं बोलणं आतपर्यंत आलं नाही, पुढे कितीतरी वेळ काही नाही.

भुवना म्हणाली, तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता पुसते, आपण दुसरा घेऊ, तीनला अजून वीस मिनिटं आहेत. तिचं सगळं त्याच्यावर होतं आणि ती तसं म्हणाली. मी विचार केला. माझा आवाज त्यात आहे. तुझ्या अप्पांना जो ऐकायला मिळायला हवा होता तो. मी म्हटलं, ठेव. पण तो पाहून पुढे कोण काय म्हणेल ते मला सांगू नको.

आज सकाळी तिने निरोप दिला, सिनेमा जोडून होत आला, उद्या देणार. मला बरं वाटलं. एवढंच वाटलं.

सोबत चिठ्ठी पाठवते. ओरत्तनाडूच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस, शेवटपर्यंत आकडे घालून लिहायचा. तुला तमिळ अक्षर वाचता येतं, तरी इथे लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचं आहे.

१. त्यागराज, शुक्रवार, सकाळी सहा.
२. रिपोर्ट, चष्मा.
३. वेणीला सांभाळून सांगणे, घाबरेल.
४. तिरुचीला पोचल्यावर अखिलाला फोन. तिचं ऐकलं म्हणून सांगणे.

तिसरा आकडा माझा, चौथा तुझा आहे. तो मी तीन वर्षं खुंटीवर टांगून ठेवला, मला माहीत नव्हतं म्हणून. पहिला मला माहीत होता. त्याची माफी मी मागत नाही, तू द्यावीस असं ते नाही. तेराव्या दिवशी तू जे म्हणालीस ते खरं होतं, आणि ते खरं आहे असं मी तेव्हाच म्हणायला हवं होतं. तुला तीन वर्षं वाटत राहिलं असेल की अप्पांनी तुझं ऐकलं नाही. त्यांनी ऐकलं होतं.

राजा-राणीही पाठवते, पेटीत, धोतराच्या त्याच तुकड्यात. काल संध्याकाळी राणीला राजाच्या डाव्या बाजूला निजवलं, एकदाच, कॅमेऱ्याशिवाय. पेटीतही निजवूनच ठेवले आहेत. तू कोलू मांड किंवा मांडू नको. तारेला खेळायला दिलेस तरी चालेल. उभं ठेवलंस तर संध्याकाळी आडवं कर, बाकी काही सांगायचं नाही.

पोस्ट चारला बंद होतं. त्यागराज दारात उभा आहे. मी म्हटलं, पत्र अजून संपलं नाही, वेळ लागेल. तो म्हणाला, लागू दे.

आई